खुर्ची आहे

पाळकबाबा खुर्ची उचलून दुकानात आले तेव्हा थोरली घमेल्यात भिजत घातलेला वेत उलटापालटा करत होती. तिने खुर्चीच्या फाटलेल्या बैठकीकडे पाहिलं, मग पाळकबाबांच्या पोटाकडे पाहिलं, आणि काय घडलं असेल ते तिला विचारावं लागलं नाही.

“चढला होतात?”

“बल्ब गेला होता,” पाळकबाबा म्हणाले. “शिडी सापडेना.”

“आणि अख्ख्या चर्चमध्ये चढायला हीच खुर्ची सापडली! बाकीच्यांनी काय पाप केलं होतं?”

पाळकबाबा खुर्ची खाली ठेवून घाम पुसू लागले. थोरलीच्या तोंडाला लागायचं नाही, हे ते या गावात आले त्याच आठवड्यात शिकले होते.

खुर्ची मामंजींची होती. म्हणजे होती चर्चची, पण विणली होती थोरलीच्या सासऱ्यांनी, आणि जन्मभर तिच्यावर बसले तेच. सगळ्यात मागे, दाराला लागून. इतकं मागे का बसता, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “उशिरा येणाऱ्याला ओशाळवाणं वाटतं. दारातच कुणी ओळखीचं दिसलं की त्याचं पाऊल आत पडतं.” उशिरा आलेलं माणूस थकलंभागलेलं असलं की खुर्ची त्याला द्यायची आणि आपण भिंतीला टेकून उभं राहायचं. अशा कितीतरी उपासना त्यांनी उभ्यानेच केल्या. येत्या रविवारी त्यांना जाऊन वर्ष होत होतं. चर्चमध्ये त्यांची आठवण काढायची ठरली होती आणि ती रिकामी खुर्ची पुढे, सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची होती.

“रविवारपर्यंत होईल ना?” पाळकबाबांनी विचारलं. “नाहीच झाली तर हॉलमधली प्लॅस्टिकची ठेवू. शेवटी भावना महत्त्वाची.”

“मामंजींच्या आठवणीला प्लॅस्टिक? भावना ठेवा तुमच्यापाशी. खुर्ची मी देते. आणि बाबा, पुन्हा बल्ब गेला तर अंधारात प्रार्थना करा. देवाला दिसतं.”

बोलून तर बसली. पण पाळकबाबा वळले, आणि थोरली त्या खुर्चीपुढे हात बांधून उभी राहिली. देते म्हणणं सोपं होतं.

वेताची बैठक एकट्या माणसालाही विणता येते. सगळीकडे एकटेच विणतात. या दुकानात मात्र तसं कधी झालं नव्हतं. मामंजींची रीतच न्यारी. एकाने वर स्टुलावर बसायचं, दुसऱ्याने खाली जमिनीवर, खुर्चीच्या पोटाशी. वरच्याने पट्टीचं टोक चौकटीच्या भोकातून खाली सोडायचं, खालच्याने ते ओढून ताणायचं आणि शेजारच्या भोकातून वर द्यायचं. आणि ही जोडी कोण जमवायचं, तर भांडण.

घरात किंवा दुकानात कुणाचं बिनसलं की मामंजी आवाज चढवायचे नाहीत. बायबल रोज सकाळी वाचायचे, ओळीखालून बोट फिरवत, पण ते कुणाच्या डोक्यात हाणायला त्यांनी कधी उचललं नाही. फक्त एखाद्या खुर्चीची चौकट आणून मधोमध ठेवायची आणि म्हणायचं, “खुर्ची आहे.” की भांडणाऱ्या दोघांनी निमूट येऊन बसायचं. बोलायची सक्ती नव्हती. नियम एकच होता. ज्याचा राग मोठा, त्याने खाली बसायचं.

थोरली नवी नवरी होती, तेव्हा सासूबाईंनी धुतलेली चादर तिने सासूबाईंदेखत पुन्हा धुतली. तोंडाने काही बोलली नाही, पण आपटताना जे काय ऐकू यायचं ते सासूबाईंना नीट ऐकू गेलं. दोन दिवस घरात भांडीच बोलत होती. मामंजींनी खुर्ची आणली.

“मला कुठे राग आलाय?” सासूबाई म्हणाल्या.

“मला तर राग म्हणजे काय तेच ठाऊक नाही,” थोरली म्हणाली.

“छान झालं,” मामंजी म्हणाले. “मग दोघी वरच बसा.”

दोघी वर बसल्या. खाली कुणीच नाही म्हटल्यावर पट्टी भोकातून लोंबत राहिली आणि मामंजी समोर बसून मजेत चहा पीत राहिले. चहा संपला, दुसरा आला. शेवटी सासूबाईच फणफणत खाली बसल्या. “सांगा तुमच्या सुनेला, पट्टीची गुळगुळीत बाजू वर ठेव म्हणावं!” शेवटच्या पट्टीपर्यंत दोघी मिळून मामंजींच्या चहा पिण्याला नावं ठेवू लागल्या होत्या. त्यांना तेच हवं होतं.

पहिली पट्टी घालण्याआधी ते डोळे मिटून एवढंच म्हणायचे, “प्रभू, इथे जो बसेल त्याला विसावा दे.” ते थोरलीच्या तोंडी असं बसलंय की आजही तिच्याकडून त्याशिवाय पट्टीला हात लागत नाही. गिऱ्हाईक अगदीच नाठाळ असलं तर पुढे पुटपुटते, “त्या मेल्यालासुद्धा दे.”

शाळा तिने फारशी पाहिली नव्हती. नवरा गेला आणि ती कोपरा धरून बसली, तेव्हा मामंजींनी बायबल तिच्या मांडीवर ठेवलं, आणि म्हणाले, “माझे डोळे दमलेत, तू वाच.” डोळे चांगले ठणठणीत होते त्यांचे. ती जोडाक्षराला अडायची, ते थांबायचे. सुधारायचे नाहीत, घाई करायचे नाहीत, दारात उशिरा आलेल्याकडे पाहावं तसे पाहायचे. वाचन झालं की दुकानातलं स्टूल तिच्याकडे सरकवायचे. असं करत करत कोपरा सुटला आणि दुकान हाती आलं.

अशा माणसाचा कोट तिच्या जावेने देऊन टाकला.

धाकटी मागच्या गल्लीत राहायची. तिच्या नवऱ्याला, म्हणजे थोरलीच्या दिराला, वेतापेक्षा नोकरी बरी वाटली, पण धाकटी मात्र रोज दुकानात यायची. विणायला हात सफाईदार होता तिचा. थोरली वर, ती खाली. मग मामंजी गेले. दफन होऊन आठवडा होत नाही तोच थोरलीने दुकानातून पाहिलं, तर बाजाराचा चौकीदार रस्त्याने चाललाय आणि त्याच्या अंगावर मामंजींचा चर्चला जायचा काळा कोट! शेवटचं बटण तुटलं तेव्हा काळा दोरा नव्हता म्हणून तिने स्वतः तपकिरी दोऱ्याने शिवलेलं, तोच. अजून त्या कोटाला त्यांचा वास असेल.

धाकटीला विचारलं तर ती म्हणाली, “थंडीने काकडत होता, जाऊबाई. मामंजी असते तर त्यांनी दिलाच असता.”

“मामंजी असते तर! आणि मी मेले होते का? मला विचारायला काय धाड भरली होती? पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस.”

धाकटी चढली नाही. वर्ष गेलं. चौकीदार रोज सकाळी दुकानावरून जायचा आणि थोरली रोज त्या वेळी भिंतीकडे तोंड करायची.

तर आता खुर्ची होती आणि खाली बसायला माणूस नव्हतं. पोरगा मालाच्या गाडीबरोबर बाहेरगावी गेला होता. राहिली सून.

“आई, मी बसते खाली,” सून म्हणाली. बिचारी उत्साहाने बसली. उभ्या पट्ट्या झाल्या, आडव्या झाल्या, त्याही कशाबशा. सून पट्टी ओढायची ती एखाद्याचा कान ओढावा तशी.

“अगं, ताण, तोडू नकोस! वेत आहे तो, तुझा नवरा नाही.”

“नवऱ्याला तरी मी कुठे काही बोलते?”

“ते मला ऐकू येतं भिंतीतून.”

दुसऱ्या दिवशी तिरप्या पट्ट्या घ्यायच्या होत्या, आणि खरी परीक्षा तिथेच असते. तिरपी पट्टी उभ्यांच्या वरून आणि आडव्यांच्या खालून जायला हवी. तशी गेली तर कोपऱ्यातून लोण्यासारखी सरकते. उलट गेली तर चटकन कळतही नाही, पण प्रत्येक वळणाला घासते आणि माणूस बसू लागला की एकेक पट्टी करवतीसारखी कापत जाते. थोरलीने पहिली तिरपी पट्टी हातात घेतली आणि नेमका चौकीदार समोरून गेला. तिने भिंतीकडे तोंड केलं. हात मात्र चालू राहिले.

कामाच्या ओघात तिला कळलंच नाही. सुनेने खालून पट्ट्या ओढल्या, तिनेही काही ओळखलं नाही. दिवस कलला तेव्हा थोरलीने बैठकीवरून तळवा फिरवला आणि तो खरखरला. सगळ्या तिरप्या उलट्या गेल्या होत्या. पहिल्यापासून. इतक्या वर्षांत शिकाऊ पोरीनेही केली नसती अशी चूक.

तिने कात्री घेतली आणि एकेक पट्टी कापून काढली. सून घाबरून बघत राहिली. थोरलीचा राग बोलका असला की घराला सवय होती. ती गप्प असली की भीती वाटायची.

“आई,” सून हळूच म्हणाली, “काकी खाली असत्या तर त्यांनी पहिल्याच पट्टीला सांगितलं असतं.”

“जेवणाचं बघ जा.”

सून गेली. थोरलीने नवी पट्टी पाण्यातून काढली, डोळे मिटले आणि म्हणू लागली, “प्रभू, इथे जो बसेल त्याला...” आणि अडली. जोडाक्षराला अडायची तशी. कोण बसणार होतं त्या खुर्चीवर? मामंजी तर स्वतःही धड बसले नाहीत. ज्याला गरज, त्याला दिली. जन्मभर तेच केलं त्यांनी. आणि आपण त्यांची खुर्ची विणायला बसलो ते एका काकडणाऱ्या माणसाकडे पाठ करून. वेत चुकेल नाही तर काय होईल?

शनिवारी सकाळी ती मागच्या गल्लीत गेली. धाकटी दारात कपडे पिळत होती. जावेला पाहून तिच्या हातातला कपडा तसाच राहिला, पाणी पायावर गळत.

थोरली म्हणाली, “खुर्ची आहे.”

“कुणाची?” धाकटीने विचारलं.

“मामंजींची. पाळकबाबा चढले तिच्यावर.”

“अगं बाई! मोडलं काही?”

“बैठक. पाळकबाबा धडधाकट आहेत, त्यांना काय धाड भरलीय. उद्या लागणारे. तू चल असं मी म्हणत नाही. सांगायला आले.”

“तुम्ही पायरी चढू नको म्हणाला होतात.”

“मग? मागच्या दाराला कुठे पायरी आहे?”

धाकटीने कपडा पिळला, दोरीवर टाकला, हात पुसले आणि तिच्या मागोमाग निघाली. मागच्या दाराने धाकटी दुकानात शिरली, क्षणभर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि सवयीने खाली जमिनीवर बसली.

“ऊठ,” थोरली म्हणाली.

“का? काय झालं?”

“नियम विसरलीस? राग कुणाचा मोठा आहे?”

धाकटी गोंधळली. “जाऊबाई, तुमचे गुडघे—”

“गुडघे माझे आहेत, मी बघते. तू असशील रागावलेली, पण माझ्या रागाची सर तुला यायची नाही. वर्षभर जपलाय मी. ऊठ म्हणते ना!”

भिंतीचा आधार घेत, कण्हत, मेल्या गुडघ्यांना शिव्या देत थोरली खाली बसली. इतक्या वर्षांत ती धाकटीपुढे पहिल्यांदाच खाली बसत होती. खालून खुर्ची वेगळीच दिसत होती. विणीतून उजेड झिरपत होता. चौकटीची आतली कड मामंजींच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली, ती वर बसणाऱ्याला कधी दिसायची नाही.

वरून धाकटीचा आवाज आला. “प्रभू, इथे जो बसेल त्याला...” आणि ती थांबली.

“विसावा दे,” थोरलीने खालून पुरं केलं. “सोड पट्टी. उभ्यांच्या वरून!”

“माहितेय.”

“नुसतं माहीत असून भागत नाही. काल मलाही माहीत होतं.”

पट्टी खाली आली, वर गेली. लोण्यासारखी सरकत होती. निम्मी बैठक झाल्यावर धाकटी म्हणाली, “कोटाचं तुम्हाला विचारायला हवं होतं मी.”

“हवं होतं.”

“तुम्ही दिला नसतात.”

“नसताच दिला.” थोरलीने पट्टी ताणून वर दिली आणि म्हणाली, “मामंजींनी तरी काही देताना मला कधी विचारलं होतं?”

वर धाकटीने नाक ओढलं.

“रडून वेत भिजवू नकोस, भिजलाय तो.”

तेवढ्यात दुकानासमोर पावलं वाजली. थोरलीचं तोंड सवयीने भिंतीकडे वळलं, पण खुर्चीखाली वळायला जागा कुठे होती? उघड्या दारातून तिला कोटाचा फक्त खालचा घेर दिसला. काळा, जरा विटलेला, आणि तपकिरी दोऱ्यावरचं ते शेवटचं बटण. दोरा सुटून लोंबत होतं, आता पडेल की मग पडेल.

“त्याला हाक मार,” थोरली म्हणाली.

धाकटीचा हात जागीच थांबला. “कशाला, जाऊबाई? जाऊ द्या ना आता.”

“हाक मार म्हणते ना! बटण लोंबतंय त्याचं. मामंजींचा कोट घालून माणूस रस्त्याने असा हिंडणार? लोक म्हणतील, या घरात सुईदोरा नाही. बसव त्याला स्टुलावर, चहा दे. ही पट्टी झाली की शिवते मी.”

धाकटी लगबगीने उठली.

“अगं, अशी पट्टी सोडून कुठे पळतेस?” खालून थोरली ओरडली. “मी इथे ताणून धरलीय. आधी भोकात खुंटी ठोक, सुटेल नाहीतर, मग जा!”