मागच्या दाराचा बरीटो

सगळी नोकरी त्यांनी लिफ्टचा मेकॅनिक म्हणून केली, पण ओळखायचे लोक त्यांना बरीटोपंत म्हणून. नाव साडूने थट्टेत ठेवलं होतं. पंतांनी ते पदवी मिळाल्यासारखं लावून घेतलं. एवढ्या अवाढव्य शहरात चांगला आणि स्वस्त बरीटो कुठे मिळतो हे सांगावं तर आपणच, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि घरात त्या मताला कुणी कधी हरकत घेतली नव्हती.

आता बरीटो म्हणजे तरी काय हो? मैद्याची थोरली पोळी, तीत भात, राजमा, कोंबडीचे तुकडे, चीज, झणझणीत चटणी, आणि त्या सगळ्याची चंदेरी कागदात बांधलेली वळकटी. पण पंत बोलायला लागले की ऐकणाऱ्याने खुर्ची ओढून बसावं. म्हणायचे, "पोळी भाजल्याचा वास जिन्यात आला पाहिजे. रस्त्यावर येतो तो जाहिरातीचा वास." म्हणायचे, "स्वयंपाकी चिडका असेल तिथे चटणी ताजी असते, आणि गोडबोल्या असेल तिथे कालची." हे ज्ञान त्यांनी पुस्तकातून आणलेलं नव्हतं, स्वतःच्या जिभेने कमावलेलं होतं.

त्यांचं कामच तसं होतं. आज शहराच्या या टोकाला, उद्या त्या टोकाला. बाजारपेठेतल्या जुन्या इमारती, खाली दुकानं, वर गोदामं. जागेच्या टंचाईमुळे त्यातल्या खाण्याच्या दुकानांची स्वयंपाकघरं बहुतेक वरच्या मजल्यावर असत. पिठाची पोती, तेलाचे डबे, सिलिंडर सगळं लिफ्टने वर जायचं आणि तयार माल लिफ्टने खाली यायचा. लिफ्ट इमारतीच्या मागच्या बाजूला, म्हणून मेकॅनिकही मागच्या बाजूला. काम संपलं की पंत तिथेच एखाद्या पालथ्या क्रेटवर टेकायचे, हाताचं ग्रीस पुसायचे आणि कुणीतरी वर ओरडायचं, "पंतांचा पाठवा रे." मग लिफ्टमधून बाळसेदार बरीटो उतरायचा. मागतील तेवढे पैसे पंत मोजून द्यायचे. कुणाचा साधा चहासुद्धा फुकट प्यालेला माणूस नव्हे. मागतील ते मात्र नेहमीच थोडे असायचे, याचा त्यांना अचंबा वाटायचा आणि आपल्या पारखी नजरेचा अभिमान.

पुढच्या दाराने ते एकाही दुकानात कधी गेले नव्हते. गरजच काय होती?

हा शोध ते स्वतःपुरता ठेवणारेही नव्हते. बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं, साडूला तर गल्लीच्या वळणासकट सांगितलं. ती मंडळी जाऊन खाऊन यायची. "कसा होता?" असं पंतांनी विचारलं की म्हणायची, "होता." आणि गप्प बसायची. पंत खूष व्हायचे. म्हणायचे, "पोट भरलं की माणूस बोलत नाही."

खरं सांगायचं तर घरात पंतांचं चालायचं ते एवढ्याच एका विषयात. पैशाचं बायको बघायची, मुलीच्या शिक्षणाचं मुलीने स्वतःच बघितलं, आणि साडू मोठ्या कंपनीत मोठ्या पगारावर असल्याने जगाविषयी बोलण्याचा मक्ता त्याच्याकडे होता. बरीटोचा विषय निघाला की मात्र सगळे पंतांकडे बघायचे. तेवढ्यावर माणूस आयुष्य काढू शकतो, हसू नका.

यथावकाश पंत रिटायर झाले. करडा डगला आणि हत्यारांची पिशवी कंपनीत जमा केली, चौकड्यांचे दोन शर्ट शिवून घेतले. त्याच सुमारास मुलीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, शांत आणि समजूतदार. त्याचे वडील, म्हणजे पंतांचे होणारे व्याही, मात्र वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले इन्स्पेक्टर होते. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस. पहिल्याच भेटीत साडूने मुद्दाम बरीटोचा विषय काढला, तर व्याही शांतपणे म्हणाले, "चांगलं ते स्वस्त नसतं आणि स्वस्त ते चांगलं नसतं. उरलेल्या सगळ्या गप्पा."

झालं. पंतांच्या वर्मावरच बोट पडलं. म्हणाले, "येत्या रविवारी चला. चांगला आणि स्वस्त, दोन्ही एकाच पोळीत गुंडाळून देतो. नाहीतर बरीटोपंत हे नाव सोडलं."

"नाव आम्हीच ठेवलंय," साडू म्हणाला, "आम्हीच परत घेऊ."

पाहुणे गेल्यावर मुलगी पंतांजवळ येऊन बसली. "बाबा, कशाला हे? आपण सरळ एखाद्या हॉटेलात जाऊ. मी देते पार्टी."

"तुझ्या सासऱ्यासमोर मी खोटा पडू?"

तिने आईकडे बघितलं. आई बडीशेप चघळत खिडकीबाहेर बघत होती.

पंत हुशार माणूस. रविवारआधी पाहणी करून ठेवावी म्हणून ते सोमवारीच निघाले. कापडबाजारातलं दुकान त्यांचं लाडकं. मागचा बोळ बंद होता, आणि आता रिकामटेकडा माणूस मागच्या दाराने गेला तर चोर समजतील, म्हणून चौकड्यांचा शर्ट घालून रुबाबात पुढून गेले. भिंतीवर दरांचा फलक होता. तो वाचून त्यांना वाटलं, आपण चुकून चपलांच्या दुकानात आलो. बरीटो आला तो आजारातून उठलेला. भातच भात, आणि कोंबडी नावापुरती.

दुसऱ्या दिवशी स्टेशनमागे गेले. तिथेही तेच. मग नदीपलीकडे गेले, जिथला स्वयंपाकी शहरातला सगळ्यात चिडका. तो अजून तितकाच चिडका होता, पण बरीटो पार खंगलेला.

घरी येऊन पंत पलंगावर आडवे झाले. "शहराला काय झालंय कळत नाही," ते बायकोला म्हणाले. "मी रिटायर झालो आणि एका महिन्यात सगळ्यांचे हात आखडले. मैदा महागला असेल."

"असेल," बायको म्हणाली.

"सगळीकडे एकदम?"

"महागाई एकदमच येते."

पंतांना शंका आली नाही. इतक्या वर्षांत ज्या माणसाला थांगपत्ता लागला नाही, त्याला चार दिवसांत कुठून लागणार?

अजून हुकमाचं पान हातात होतं. कागदबाजारातली मालकीणबाई. तिच्याकडची लिफ्ट इतकी म्हातारी होती की पंतांचं तिथे महिन्यातून दोनदा तरी जाणं व्हायचं. बाई तोंडाची फटकळ, पण मनाची मोठी. तिथे दगाफटका होणार नाही, असं पंतांनी स्वतःला बजावलं आणि तिथली पाहणी केलीच नाही. पाहणी करायची भीती वाटली, हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

रविवारी सगळी वरात कागदबाजारात पोचली. पंत, बायको, मुलगी, जावईबापू, व्याही, आणि तमाशा चुकायला नको म्हणून साडू. बाजार बंद असल्याने रस्ता मोकळा होता. दुकानात तीन-चार टेबलंच भरलेली. मालकीणबाई गल्ल्यावर होती. तिने पंतांकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

"अगंबाई, पंत होय. शर्टात ओळखलंच नाही. रिटायर झालात म्हणे? सुटलात बाबा एकदाचे."

"सुटलो," पंत म्हणाले. "सगळी घरची माणसं आहेत हं बाई. आमचे व्याही आहेत."

"मग चांगलेच देऊ की," बाई म्हणाली आणि वर जाणाऱ्या पाइपात तोंड घालून ओरडली, "सहा साधे."

बरीटो आले. व्याह्यांनी आपला उचलला, तळहातावर ठेवला आणि एकदा हात खालीवर केला. जन्मभराची सवय. मग कागद सोडून खायला लागले. पंतांनी आपला घास घेतला आणि तो त्यांच्या तोंडात फिरत राहिला. मुलगी पटापट खात होती, लवकर संपलं तर लवकर सुटू अशा घाईने. साडू फलकाकडे बघत गालातल्या गालात हसत होता. पंतांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, आणि तेही याच दुकानात, म्हणजे निदान बिल द्यावं लागणार नाही.

तेवढ्यात मागच्या बोळाकडचं दार उघडलं आणि एक चाळिशीचा माणूस आत आला. अंगात करडा डगला, हाताला ग्रीस, खांद्याला पिशवी. ती पिशवी पंतांनी लांबूनही ओळखली. तिचा पट्टा त्यांनीच शिवून घेतला होता.

"झालं बाई. आता महिनाभर बघायला नको," तो म्हणाला.

"देव भलं करो तुमचं," मालकीणबाई म्हणाली आणि पाइपात ओरडली, "मेकॅनिकसाहेबांचा पाठवा रे."

लिफ्ट कुरकुरत खाली आली. तिच्यातून बरीटो उतरला. तो उतरला तसे पंत टक लावून बघतच राहिले. चंदेरी कागद ताणून ताणून फाटायला आलेला, एका बाजूने चीज बाहेर डोकावतंय. तोच. अगदी तोच. मेकॅनिकने खिशातून किरकोळ पैसे काढून गल्ल्यावर ठेवले. बाईने ते न बघता आत सरकवले.

पंतांचा हात तसाच राहिला, बरीटो धरलेला. एवढ्या वर्षांचे सगळे बरीटो त्यांच्या डोळ्यांसमोरून मागच्या दाराने निघून गेले. कापडबाजार, स्टेशनमागचं, नदीपलीकडचं. आणि त्या प्रत्येक दुकानातून परत आलेली घरची माणसं. "कसा होता?" "होता." त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

त्यांनी बायकोकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या खेपेलाच," ती हळूच म्हणाली.

"आणि हिला?"

"सगळ्यांना." तिने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्ही इतके खुशीत सांगायचात. कोण बोलणार?"

पंतांनी साडूकडे बघितलं. इतकी वर्षं ज्याला पंतांची फजिती करायची एकही संधी सोडवली नाही, तो ही एवढी मोठी संधी गिळून गप्प बसला होता. आता तर तो फलकाकडेही बघत नव्हता, चमच्याने चटणी ढवळत होता. त्याच्यावर रागवावं की त्याचे आभार मानावेत, पंतांना कळेना.

"व्याही," ते शेवटी म्हणाले, "तुमचं खरं ठरलं. शब्द मागे घेतो."

व्याह्यांनी तोंड पुसलं. त्यांची नजर करड्या डगल्यावरून पंतांवर आली. त्यांना सांगावं लागलं नाही.

"नोकरीत होतो तेव्हा," ते म्हणाले, "मी घरी छातीठोक सांगायचो, या शहरातले दुकानदार देवमाणसं आहेत, वजनात एक दाणा मारत नाहीत. बायको भांडायची. मी म्हणायचो, तुला घासाघीस जमत नाही." त्यांनी उरलेला बरीटो कागदात नीट गुंडाळला. "रिटायर झालो आणि पुढच्याच आठवड्यात माझा किलो कमी भरायला लागला."

कुणी हसलं नाही. जावईबापू तेवढे हसले, पण वडिलांचा चेहरा बघून खोकल्यावर नेलं.

बिल पंतांनी दिलं, फलकावरच्या दराने. बाईने "येत जा" म्हटलं, तेही मनापासून. सगळे बाहेर पडत होते तेवढ्यात मेकॅनिक हात पुसत लगबगीने आला.

"तुम्हीच ना पंत? कंपनीत अजून तुमचं नाव निघतं. सगळे म्हणतात, बरीटो खावा तर पंतांना विचारून." त्याचा चेहरा आनंदाने फुललेला होता. "पण खरं सांगू? मला तर जाईन तिथे उत्तमच मिळतो. आणि किती स्वस्त. माझीच नजर चांगली म्हणायची. नदीपलीकडे गेलात कधी? तिथला स्वयंपाकी आहे चिडका, पण काय हात आहे."

साडूने घसा खाकरला. व्याही रस्त्याकडे बघू लागले. मुलीने बाबांचा दंड धरला. सांगायचं तर आता पंतच सांगू शकत होते, एका वाक्यात.

"परवाच घरच्यांना पाठवलं होतं तिथे," मेकॅनिक म्हणाला. "आवडला की नाही कोण जाणे. परत आले ते काही बोललेच नाहीत."

पंतांनी त्याच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा जरा सरळ केला.

"पोट भरलं की माणूस बोलत नाही," ते म्हणाले.