प्रार्थनेचा विषय

चष्म्याच्या दुकानात सगळे त्याला रेव्हरंड म्हणत. हे नाव मालकांनी ठेवलं होतं. त्यात मान किती नि टोमणा किती हे त्याने कधी तपासून पाहिलं नाही. मान आहे असं धरून तो चालला होता. वय पंचवीस. काचा घासून फ्रेमीत बसवायच्या, सैल दांड्या घट्ट करायच्या, नाकावर वळ उठवणारी पॅडं बदलायची, हे त्याचं काम. हात त्यात चांगला बसला होता. तोंड मात्र आपल्याला याहून मोठ्या कामासाठी मिळालंय, अशी त्याची समजूत होती. गिऱ्हाईक आरशात नवा चष्मा पाहत असलं की तो हळूच विचारायचा, "आणि मनाची शांती कशी आहे?" एकदा एक निवृत्त फौजदार म्हणाले, "मी दूरचं दिसत नाही म्हणून आलोय. पण एवढं दूरचं नाही." मालक तोंडावर रुमाल धरून मागच्या खोलीत गेले.

चर्चच्या तरुण संघाचा तो अध्यक्ष होता. मुलामुलींनी एकमेकांशी कसं वागावं याची सात कलमं त्याने स्वतः लिहिली होती, टाइप करून त्याच्या प्रती काढल्या होत्या आणि एकेकाला गाठून सह्या घेतल्या होत्या. त्यातलं दुसरं कलम असं, की लग्न न ठरलेल्या दोघांनी एका बाकावर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. हे कलम त्याने काटेकोर पाळलं होतं. त्याच्या शेजारी पंधरा मिनिटं बसावं असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं, हा भाग वेगळा. चौथं कलम दिलेल्या शब्दाबद्दल होतं. एकदा लग्नाला हो म्हटलं की ते देवापुढे म्हटलं, आता मागे फिरणं नाही. हे कलम लिहिताना त्याला स्वतःलाच गहिवरून आलं होतं.

आणि नेमकं त्याच्याच घरात चौथं कलम मोडलं.

ताई त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिचं लग्न चर्चच्या गायनमंडळातल्या मुख्य गायकाशी ठरलं होतं. गायकाचा आवाज असा, की तो वरच्या पट्टीत गेला की मागच्या बाकांवरच्या बायका डोळ्यांना पदर लावत. रेव्हरंडला तर भावी दाजी म्हणजे जिवंत नमुना वाटायचा. हॉल ठरला होता, कपडे शिवायला टाकले होते, पाच आठवडे उरले होते. एका सोमवारी संध्याकाळी जेवता जेवता ताई म्हणाली, "मी लग्न मोडलंय. त्याला सांगून आले."

आईचा हात ताटात तसाच थांबला. "का गं?"

"आत्ता नको, आई."

आई गप्प बसली. रेव्हरंडला ते जमण्यासारखं नव्हतं. "असं कसं नको? कारण तर हवं ना? उद्या मला संघात विचारलं तर मी काय सांगू?"

"तुला कशाला विचारतील?"

"ताई, तू शब्द दिला होतास. मी तुझा भाऊ आहे. मला कळायला नको?"

"कळलं तर काय करशील?"

"प्रार्थना करीन."

"म्हणूनच सांगत नाही," असं म्हणून ताईने आपलं ताट उचललं आणि धुवायला नेलं.

पुढचे दोन दिवस रेव्हरंडचे फार वाईट गेले. त्याला बहिणीची काळजी होती, नव्हती असं नाही. पण त्या काळजीच्या खाली दुसरी एक काळजी होती आणि ती जास्त टोचत होती. सात कलमांचा कर्ता तो, आणि त्याचीच बहीण अशी निघाली. दुकानात त्याने एका बाईंच्या डाव्या डोळ्याची काच उजव्या डोळ्याला बसवून दिली.

बुधवारी साडेसहाला चर्चच्या मागच्या खोलीत प्रार्थनासभा असायची. तिथली पद्धत अशी. निंदा करायची नाही, ते पाप. दुसऱ्याच्या घरातलं चघळायचं नाही, तेही पाप. पण दुसऱ्याच्या घरातली गोष्ट प्रार्थनेचा विषय म्हणून मांडायला कुणाची हरकत नव्हती, उलट ती प्रीती. मग विषय मांडणारा डोळे मिटून, आवाज खाली आणून बोलायचा आणि ऐकणारे डोळे मिटून कान टवकारायचे. विषय नीट समजल्याशिवाय प्रार्थना नेमकी होत नाही, म्हणून प्रश्नही विचारता यायचे. कुणाचा मुलगा कितव्यांदा नापास झाला, कोण नवरा-बायको वेगळ्या खोल्यांत झोपतात, ही सगळी माहिती त्या खोलीत देवाला नियमित पुरवली जाई. देवाला ती आधीच ठाऊक असावी, असा संशय कुणी घेतला नव्हता.

गायक त्या दिवशी आला नव्हता. रेव्हरंड उठला. "माझ्या जवळच्या एका व्यक्तीसाठी प्रार्थना करावी," तो म्हणाला. "नाव सांगत नाही. ती माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. दवाखान्यात नोकरीला आहे. तिने एका सज्जन माणसाला दिलेला शब्द मोडला."

चौदा जणांनी डोळे मिटून ओळखलं.

पाळकांच्या बायकोने, म्हणजे पाळकीणबाईंनी, मायेने विचारलं, "बाळा, मध्ये तिसरं कुणी आहे का? म्हणजे तशी प्रार्थना करता येईल."

रेव्हरंडला काहीच ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण आपल्याच घरातलं आपल्याला माहीत नाही, हे अध्यक्षाने कसं कबूल करायचं? त्याने लांब श्वास घेतला, मान खाली घातली आणि म्हणाला, "ते प्रभूलाच ठाऊक."

झालं. खोलीभर असा उसासा निघाला, की तिसरा माणूस दार उघडून आत येऊन बसल्यासारखं वाटलं.

गुरुवारी त्या तिसऱ्याला नोकरी लागली: तो डॉक्टर झाला. शुक्रवारी त्याचं लग्न झालेलं निघालं. शनिवारी त्याला दोन मुलं झाली, धाकटं आजारी. त्याच दिवशी चर्चमधल्या तीन बायका एक्स-रे विभागात जाऊन आल्या. एकीने धडधाकट कोपर पुढे करून "जरा बघ गं, दुखतंय" म्हटलं आणि कोपर सोडून बाकी सगळीकडे नजर फिरवली. ताईला काही कळेना. आपल्या खात्यात अचानक एवढी माया कुठून आली, याचंच तिला नवल.

रविवारी उपासना संपल्यावर फाटकापाशी कुणीतरी आईचा हात हातात घेतला आणि म्हणालं, "त्या डॉक्टरच्या बायकोसाठीही आम्ही प्रार्थना करतोय हो." आई तशीच घरी आली. चपला काढल्या, पर्स टेबलावर ठेवली. ताई इस्त्री करत होती. रेव्हरंड संध्याकाळच्या प्रवचनाची टिपणं काढत होता.

"डॉक्टर कोण?" आईने विचारलं.

"कसला डॉक्टर?"

आईने सगळं सांगितलं. ताईने इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं. मग ती भावाकडे वळली. तिला फार विचार करावा लागला नाही. तो टिपणांच्या वहीत एवढा खोल गेला होता, की तेवढ्यावरून आंधळ्यालाही कळलं असतं.

"काय सांगितलंस तिथे?"

"मी नाव घेतलं नव्हतं," रेव्हरंड म्हणाला.

"काय सांगितलंस?"

त्याने सांगितलं. प्रभूलाच ठाऊक, इथपर्यंत सगळं. सांगताना ते बुधवारी वाटलं होतं तितकं प्रीतीचं वाटेना.

ताई खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "आता कारण ऐकच. मार्च महिन्यात मी त्याला एक गोष्ट सांगितली होती. फक्त त्याला. म्हटलं, लग्न करतोय तर लपवायला नको. मी सांगितलं, की माझा विश्वास आहे की नाही हे मला आता कळत नाही. तीन-चार वर्षं झाली. मी चर्चला येते, उभी राहते, बसते, पण आत काही हलत नाही. तो म्हणाला, बरं झालं सांगितलंस, हे आपल्या दोघांतच राहील. मला इतकं हलकं वाटलं. आणि गेल्या सोमवारी पाळकीणबाई दवाखान्यात आल्या. बाहेर पेशंटची रांग लागलेली. माझे दोन्ही हात धरून मोठ्याने म्हणाल्या, 'घाबरू नकोस, तुझा विश्वास परत यावा म्हणून आम्ही सात जणी उपास करतोय.' त्याने त्यांच्या घरी जाऊन मांडला होता. प्रार्थनेचा विषय म्हणून."

रेव्हरंडने वही मिटली.

"मी रोज पन्नास माणसांच्या आतलं बघते," ताई म्हणाली. "कुणाचं कुणाला सांगत नाही. ह्याला एक गोष्ट पोटात ठेवता आली नाही. त्याच्याशी लग्न मोडता आलं. तुझ्याशी काय मोडू?"

रेव्हरंडने आईकडे पाहिलं. आई अजून उभीच होती आणि ती ताईकडे बघत होती.

"विश्वासाचं मला माहीत होतं," आई म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"गाणी म्हणताना तुझे ओठ हलतात. आवाज येत नाही. तीन वर्षं तुझ्याशेजारी उभी राहतेय मी."

"मग कधी बोलली नाहीस?"

"तू कुठे सांगितलं होतंस?" असं म्हणून आई चहा ठेवायला आत गेली. ताईने तोंडावर दोन्ही हात घेतले. लग्न मोडल्यापासून ती रडली नव्हती, ती आता रडली.

रेव्हरंडला लाज वाटली. खरी वाटली, पण सवय अशी वाईट, की लाजेचंही त्याच्या डोक्यात लगेच भाषण तयार होऊ लागलं. "ताई, मी बुधवारी सगळ्यांसमोर कबुली देतो," तो म्हणाला. "उभा राहून सांगतो, की मी माझ्या बहिणीचा..."

"खबरदार," ताई डोळे पुसत म्हणाली. "तू उभा राहशील, तुझा आवाज कापेल, तू रडशील, मग त्या रडतील, आणि घरी जाताना सगळ्या म्हणतील, काय मुलगा आहे. आणि मी पुन्हा विषय. रडायचं असेल तर बाथरूममध्ये जाऊन रड."

"मग काय करू?"

"तिसरं कुणी नाही, मी उगाच बोललो, एवढं सांग. पुढे एक अक्षर नाही. त्याने काय केलं तेही नाही, मी काय मानते तेही नाही. जमेल?"

"जमेल," तो म्हणाला. आजवर त्याने जे जे जमेल म्हटलं होतं, त्यात हेच सगळ्यांत अवघड निघालं.

बुधवारी खोली भरलेली होती. गायकही आला होता, पहिल्या रांगेत, चेहरा उतरलेला आणि केस नीट विंचरलेले. रेव्हरंड उठला. "मागच्या वेळी मी बोललो त्यात तिसरं कुणी नाही," तो म्हणाला. "डॉक्टरही नाही. मला काही माहीत नव्हतं, मी उगाच बोललो. चुकलो." आणि खाली बसला.

सगळे वाट पाहत राहिले. ही तर नुसती सुरुवात, असंच त्यांना वाटलं. शेवटी पाळकीणबाई म्हणाल्या, "मग कारण काय झालं, बाळा?"

"ते मी सांगणार नाही."

"अरे, पण आपण एक कुटुंब आहोत."

रेव्हरंडने मिठाची गुळणी धरली. खोलीत चुळबुळ झाली. एवढ्यात गायक उठला. त्याने डोळे मिटले आणि त्या भरदार आवाजात विनंती केली, की ज्या व्यक्तीने आपल्याला दुखावलं तिला क्षमा करायचं बळ आपल्याला मिळावं म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी. मागे कुणीतरी हुंदका दिला.

रेव्हरंडला एक वाक्य पुरे होतं. ते खरं होतं, न्यायाचं होतं, आणि जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे सांगण्यासारखं खरोखर काही होतं. त्याने खुर्चीची कड घट्ट धरली आणि गायकाच्या डोक्यामागच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत बसला. सभा संपेपर्यंत त्या डागाचा आकार त्याला पाठ झाला.

पुढच्याच आठवड्यात पाळकीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "तू जरा थकलेला दिसतोस. थोडे दिवस विश्रांती घे." तरुण संघाचा नवा अध्यक्ष म्हणून गायकाची निवड झाली, टाळ्यांच्या गजरात. सात कलमं त्याला फार आवडली. त्याने आठवं जोडलं: कुणीही मनात काही लपवून ठेवू नये.

हे ऐकून ताई इतकी हसली, की तिला उचकी लागली. रेव्हरंडला आधी हसू येईना. मग आलं.

त्यानंतर तो प्रार्थनेला बसला की त्याची पंचाईत व्हायची. आजवरच्या त्याच्या प्रार्थना म्हणजे इतरांबद्दलचे अहवाल होते: अमक्याला बुद्धी दे, तमकीला मार्गावर आण. ते काढून टाकल्यावर फारच थोडं उरायचं. दोन-तीन वाक्यं, तीही अडखळत. आपला विश्वास आहे का, हे त्याने शेकडो जणांना विचारलं होतं. स्वतःला विचारायचं राहून गेलं होतं. उत्तर हो असंच आलं, पण इतक्या बारीक आवाजात, की तो चकित झाला. रविवारी तो आईशेजारी शेवटून तिसऱ्या बाकावर बसू लागला. ताई कधी यायची, कधी नाही. आई कारण विचारत नसे, तोही शिकला. दुकानात तो गिऱ्हाईकांना फक्त "कानामागे दुखतंय का?" एवढंच विचारू लागला, तेव्हा मालकांना वाटलं याला ताप आलाय.

चार महिन्यांत गायकाचं दुसरीकडे जमलं. मुलगी पाळकीणबाईंच्या भाचीची मैत्रीण, विश्वासाला पक्की. आमंत्रण सहकुटुंब होतं. आई म्हणाली जायला हवं, म्हणून रेव्हरंड तिच्याबरोबर गेला. गायक स्वतःच्याच लग्नात दोन गाणी म्हणाला आणि दोन्ही उत्तम झाली, हे आईने घरी येऊनही कबूल केलं.

जेवणाच्या टेबलाशी पाळकीणबाईंनी रेव्हरंडला गाठलं. त्यांच्या हातात रिकामी बशी होती आणि चेहऱ्यावर काळजी. त्या जवळ सरकल्या, आवाज खाली आणला. "आणि तुझ्या ताईचं काय चाललंय?"

"दुपारपाळी," रेव्हरंड म्हणाला, आणि केकचा आणखी एक तुकडा उचलला.