सभेचा फळा आणि एकटीचा कोपरा

या मित्रांनो, जवळ या. दाराशी असे उभे राहू नका, आत सरका आणि मागच्यांनाही थोडी जागा द्या. त्या पिंपांना तेवढं टेकू नका, साबणाच्या पुडीने पाठी पांढऱ्या होतील. आज तुम्हाला एका सभेची गोष्ट सांगतो. सभा म्हटल्याबरोबर तुमचे चेहरे पडले, ते दिसलं मला. पण देवाने कान दिलेत ना, ते थोडा वेळ माझ्याकडे द्या. या गोष्टीत भांडण आहे, हसू आहे, आणि शेवटी जे आहे ते माझ्या गळ्याखाली अजून उतरलेलं नाही.

मी एक जुना फळा आहे. जन्माने मात्र मी फळा नाही. माझं पहिलं आयुष्य इस्त्रीच्या टेबलाचं. एका मोठ्या लाँड्रीत खिडकीजवळ माझी जागा होती. माझ्यावर जाड कांबळं ताणून बसवलेलं होतं आणि माझ्या पाठीवर इस्पितळांच्या चादरी नि हॉटेलांचे अभ्रे सरळ व्हायचे. खालच्या बाजूला हा काळा डाग दिसतो ना, तो तेव्हाचा. कोणीतरी गप्पांत रंगलं आणि भाजलो मी.

पुढे मालकाने लाँड्री सोडून दिली आणि कामगारांनी ती मिळून चालवायला घेतली. आता मालक सगळेच, म्हणजे सभा आल्या. सभा भरायची महिन्यातून एकदा, मशीन साफ करण्याच्या दिवशी. समोर टेबल, टेबलामागे ज्यांचे आवाज मोठे ते, आणि पुढे रांगेने बाकीचे, मांडीवर पिशवी घेऊन घड्याळाकडे बघत बसलेले. दीडशे माणसं जमायची आणि चार बोलायची. घरी जाताना जिन्यावर मात्र दीडशेच्या दीडशे बोलायची.

चादरींच्या घड्या घालणारी एक बाई होती. सगळे तिला घडीकाकू म्हणत. तिने एका सभेआधी सगळ्या खुर्च्या उचलून गोल मांडल्या. कपड्यांवरचे डाग काढणारे डागमामा दारातच थबकले.

"काकू, समोर कोण बसणार?"

"कोणी नाही. समोरच नाही इथे."

"मग भाषण कोण करणार?"

"ज्याला काही म्हणायचंय तो."

"आणि कोणालाच नसेल म्हणायचं तर?"

"तर मामा, आपण चहा पिऊ आणि लवकर घरी जाऊ. तुमचं काय जातंय?"

त्या दिवसासाठी सुताराने माझे पाय कापले, मला उभं केलं आणि खाली चाकं लावली. कांबळं तसंच ठेवलं, कारण त्यात टाचणी छान रुतते. असा मी फळा झालो.

मित्रांनो, काकूची रीत नीट ऐकून घ्या, उद्या तुमच्या वर्गात कामाला येईल. ती आधी डोळे मिटून क्षणभर हात जोडायची, मग गोलाच्या मध्ये कोऱ्या चिठ्ठ्या आणि जाड पेनं ठेवायची आणि बाजूला व्हायची. ज्याच्या मनात विषय असेल त्याने उठून यायचं, मोठ्या अक्षरात लिहायचं, स्वतःच्या तोंडाने वाचायचं आणि चिठ्ठी मला टोचायची. एकेका विषयाला एकेक कोपरा. कोपऱ्याची खूण म्हणून कपड्यांच्या ढकलगाड्या उभ्या करायच्या. मग ज्याला जिथे वाटेल तिथे त्याने जावं. मन लागलं नाही, किंवा आपल्याकडे देण्यासारखं काही नाही असं वाटलं, तर मुकाट्याने उठून दुसऱ्या कोपऱ्यात जावं. रागवायचं कोणी नाही. जे आले तेच हवे होते असं समजायचं आणि न आलेल्यांच्या नावाने बोटं मोडत बसायचं नाही.

आणि काकू स्वतः काय करायची? कप गोळा करायची, खिडक्या उघडायची, एखादं पेन वाळलं तर दुसरं आणून द्यायची. कोणी विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?" तर म्हणायची, "मला वाटतं तुम्हाला आणखी एक खुर्ची लागेल." एवढंच. गप्प बसणं हे तिचं खरं काम होतं. ते किती अवघड असतं हे पुढे समजलं.

तिचा एक नियम मात्र पक्का होता. एखाद्याच्या कोपऱ्यात कोणीच फिरकलं नाही, तरी त्याची चिठ्ठी काढायची नाही. त्याने एकट्याने बसावं, जे सुचेल ते लिहावं, आणि शेवटी सगळे गोलात परत आले की त्यालाही इतरांइतकंच उभं राहून वाचू द्यावं. ती म्हणायची, "देव कुणाच्या तोंडून बोलेल सांगता येत नाही. आपण कान उघडे ठेवायचे."

एकदा डागमामांनी चिठ्ठी टोचली, 'हरवलेले मोजे'. सभागृह हसून हसून लोळलं. कोणी म्हणालं, "मामा, एका पायाची माणसं शोधा आणि त्यांना विका." मामा एकटेच बसले. आपल्या ढकलगाडीला टेकून लिहीत राहिले. शेवटी त्यांनी वाचलं की प्रत्येक गिऱ्हाइकाचे बारके कपडे वेगळ्या जाळीच्या पिशवीत घालून पिशवीसकट धुवावेत. पुढल्या आठवड्यात पिशव्या शिवून आल्या आणि मोज्यांवरून होणारी भांडणं संपली. माझेही ते दिवस कौतुकाचे होते. सभा असली की मला कोणीतरी ओल्या फडक्याने पुसायचं आणि चाकांना तेल द्यायचं. बाहेरची माणसं यायची आणि माझ्यासमोर उभं राहून म्हणायची, "हे बरं आहे की."

मग काकूचे गुडघे गेले. लेकीकडे राहायला जाण्याआधी तिने सभेचं काम गाडीवाल्या भाऊंकडे दिलं. भाऊ कपड्यांची गाडी चालवायचे. चलाख, हसरा, कुणाच्याही मदतीला धावणारा माणूस. त्यांना वाईट म्हणणार नाही मी. वाईट माणसाने मोडलं असतं तर एवढं लागलं नसतं.

"सोपं आहे," काकू त्यांना म्हणाली. "गप्प राहायचं. जमेल ना?"

"काकू, मी दिवसभर हॉर्न वाजवणारा माणूस," भाऊ म्हणाले. सगळे हसले, काकूही हसली.

भाऊंना रिकामा कोपरा बघवायचा नाही. कोणी एकटं बसलेलं दिसलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. त्यांना वाटायचं, बिचाऱ्याचा अपमान होतोय. म्हणून त्यांनी सुचवलं की चहापर्यंत ज्या कोपऱ्यात दुसरं कोणी आलं नाही, तो विषय त्या दिवसापुरता काढायचा. म्हणजे त्या माणसाला इतरांत मिसळता येईल आणि सभाही वेळेत संपेल. सगळ्यांना पटलं. टाळ्या वाजल्या. मित्रांनो, ज्या टाळ्यांनी माझा कणा मोडला त्या अशा प्रेमाने वाजवलेल्या होत्या.

त्याच सुमारास चादरी इस्त्री करायचा मोठा रोलर आला. दोन गरम लाटणी एकमेकांवर फिरतात, ओली चादर एकीकडून आत द्यायची, दुसरीकडून ती कोरडी नि सपाट बाहेर येते. चादर आत जाते त्या तोंडाशी एक जाळी होती. हात पुढे गेला तर जाळी ढकलली जायची आणि रोलर थांबायचा. पण जाड चादर जरा गोळा होऊन आली तरी जाळी हलायची, आणि रोलर दर थोड्या वेळाने थांबायचा. काम तुंबायला लागलं तेव्हा जाळी काढून भिंतीशी ठेवली. चार दिवसांसाठी, असं ठरलं होतं.

रोलरवर दोघी जणी होत्या, नात्याने नणंद-भावजय. नणंद आधीपासून तिथे होती, ती भावजयीला वहिनी म्हणायची, म्हणून सगळी लाँड्रीच तिला वहिनी म्हणू लागली. वहिनी मितभाषी. नणंदेच्या जिभेला मात्र कात्रीपेक्षा जास्त धार.

सभेत वहिनी उठली, तिने लिहिलं, 'रोलरची जाळी परत बसवणे', आणि खालच्या आवाजात वाचून चिठ्ठी मला टोचली. त्या दिवशी दुसऱ्या चिठ्ठ्या होत्या सहलीच्या आणि नव्या गणवेशाच्या. सहलीच्या कोपऱ्यात खुर्च्या पुरेनात. वहिनी आपल्या ढकलगाडीजवळ एकटी बसली. थोड्या वेळाने नणंद चहाचे दोन कप घेऊन आली. बसली नाही, उभीच राहिली.

"अगं वहिनी, तिकडे समुद्र की डोंगर ठरतंय, आणि तू जाळी धरून काय बसलीस?"

"तू बस ना इथे. थोडा वेळ."

"मी बसले की दोघी झालो. दोघी झालो की विषय राहिला. विषय राहिला की जाळी लागली, आणि मग रोज अंधार पडल्यावर घरी. भात कोण टाकणार, तुझा नवरा?"

"तुझाच भाऊ आहे तो."

"म्हणून तर सांगते. मला माहीत आहे तो."

वहिनीला हसू आलं. नणंद एक कप ठेवून निघून गेली. चहा संपला तसे भाऊ आले आणि त्यांनी हळूच माझी टाचणी काढली.

"पुढच्या वेळी बघू हं वहिनी. चला, सहलीत चला, तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय."

पुढच्या सभेत तिने पुन्हा तीच चिठ्ठी लिहिली. पुन्हा ती एकटी बसली आणि पुन्हा चहानंतर टाचणी निघाली. त्यानंतरच्या सभेत ती उठून मधल्या पेनांपर्यंत आली. एक पेन उचललं, टोपण काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मग टोपण लावून तिने पेन खाली ठेवलं आणि गणवेशाच्या कोपऱ्यात जाऊन निळा रंग चांगला म्हणाली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. फळ्याला दुसऱ्याने टोचलेलंच बोलता येतं.

थोड्याच दिवसांत ते झालं. मी शेजारच्या खोलीत होतो. रोलरचा आवाज एकसारखा येत असतो, तो मध्येच जड झाला आणि मग थांबला. लाल बटण वहिनीने दाबलं होतं. चादरीचा दुमडलेला काठ सरळ करायला नणंदेने हात पुढे केला होता. जीव वाचला. उजव्या हाताची बोटं मात्र गेली.

मग सभा झाली, आणि अशी सभा मी कधी पाहिली नव्हती. एकूण एक माणूस आला. खुर्च्या गोलात मावेनात म्हणून रांगा केल्या, मागच्यांना ऐकू येईना म्हणून माईक आणला. माझ्या अंगभर एकच छापील कागद लावला, 'सुरक्षितता'. कोपरे नव्हते, ढकलगाड्या बाहेर काढल्या होत्या. भाऊ बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता रडले. खरं रडले, खोटं नाही. त्यांच्यानंतर डागमामा बोलले, त्यांच्यानंतर आणखी कोणी. इतके महिने ज्या कोपऱ्यात एक माणूस मिळत नव्हता, त्या विषयावर आता दीडशे माणसं एकमताने माना हलवत होती.

मागच्या रांगेत वहिनीने हात वर केला.

"वहिनी, प्रश्न शेवटी घेऊ," भाऊ माईकवरून म्हणाले.

तिने हात खाली घेतला. शेवटी वेळ उरला नाही. दुसऱ्या दिवशी जाळी बसली.

गोल पुन्हा मांडला गेला नाही. काही दिवस माझ्यावर सूचनांचे कागद डिंकाने चिकटवले, टाचणीची तसदीही कोणी घेतली नाही. मग एक चाक निघालं आणि मला इथे पिंपांमागे आणून ठेवलं.

नणंद बरी होऊन परत आली. तिला डाव्या हाताने मोजणीचं काम दिलं. एका दुपारी दोघी या खोलीत साबणाची पूड न्यायला आल्या. नणंद माझ्यासमोर थांबली.

"वहिनी, एक विचारू? मी बसले असते तर?"

वहिनी पिंपाचं झाकण उघडत राहिली.

"बोल की काहीतरी. शिव्या दे. घरातही गप्प, इथेही गप्प."

"हात वर धर," वहिनी म्हणाली. "खाली सोडलास की ठणकतो."

नणंदेने हात छातीशी धरला. वहिनीने पूड भरून घेतली, दोन्ही पिशव्या स्वतः उचलल्या आणि दोघी गेल्या.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे फळे शेवटी म्हणतात की आम्हाला जपा, पुसा, रंग द्या. मी म्हणत नाही. मला उद्या चुलीत घातलंत तरी चालेल, लाकूड वाळलेलं आहे. पण तुमच्या वर्गाची, वाडीवस्तीची, घरची सभा भरवाल तेव्हा खुर्च्या गोल मांडा, चिठ्ठ्या कोऱ्या ठेवा, जमलं तर गप्प राहा, आणि कोपऱ्यात कोणी एकटं बसलेलं असेल तर त्याला उठवून गर्दीत आणण्याची दया दाखवू नका. जवळ जाऊन बसा. तेही होत नसेल तर निदान त्याची चिठ्ठी राहू द्या, आणि शेवटी त्याला वाचू द्या.

देव नणंदेच्या हाताला बळ देवो. काकूला लोक विसरणार नाहीत, तिची रीत सगळे वाखाणतात. आठवण ठेवायची ती वहिनीची. तिचं म्हणणं खरं निघालं म्हणून नका ठेवू. पेन उचलून, टोपण काढून, ते पुन्हा लावून ती निळ्या रंगाच्या कोपऱ्यात गेली, तेव्हा तिच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं, म्हणून तुम्ही तरी तिला आठवा.