धुतलेले हातमोजे

मनकर्णाबाईंच्या घरात वस्तू फेकायची पद्धतच नव्हती. म्हणून कपाशीवर फवारायच्या औषधासोबत एजंटनं रबरी हातमोज्यांचा डबा दिला आणि "आजी, एकदा वापरले की फेकून द्यायचे" असं बजावलं, तेव्हा बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काऊन रे? तू लग्नातला सदरा एकदाच घालून फेकला व्हता काय?"

तेव्हापासून अल्लीपूरच्या त्या घरी दर फवारणीनंतर हातमोजे उलटे करून आधी सोड्यानं, मग राखेनं, मग रिठ्यानं धुतले जायचे. तेही बाईंच्याच हातांनी. वाळले की पुन्हा पुनाजीला. पुनाजी त्यांचा वीस वर्षांपासूनचा सालदार. "माह्या गड्याच्या हाताले औषधाचा थेंब लागत नाई," असं त्या आल्यागेल्याला ऐकवत.

त्या साली गाय व्याली आणि वासराला जवळ येऊ देईना. बाईंनी हातमोज्याचं एक बोट कापलं, टोकाला दाभणानं भोक पाडलं आणि दुधाच्या बाटलीवर चढवलं. वासरू लुचूलुचू प्यायलं. आळीतल्या बाया पाहायला आल्या, आणि बाईंची मान आणखी ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची दोन वर्षांची नात नलू अंगणात कोसळली. तोंडातून फेस, अंगाला थरथर, बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक झालेल्या. मुलगा रूपराव, सून कोकिळा आणि बाई, सगळे मिळेल त्या जीपमध्ये बसून हिंगणघाटच्या दवाखान्यात पोचले.

"फवारणीचं औषध पोटात गेलंय," डॉक्टर म्हणाले.

"होऊच शकत नाई! डबे कुलपात अन् चाबी माह्या कमरेले. हिनंच पोरीले सोडलं असन कोठं," बाईंनी सुनेकडे बोट केलं.

"तोंडात काय घातलं होतं तिनं?"

कोकिळा रडत म्हणाली, "वासराची बाटली चोखून राह्यली व्हती जी. म्या दोनदा हिसकली."

"बाटलीला काय लावलं होतं?"

"हातमोज्याचं बोट," बाई म्हणाल्या. "पन तीनदा धुतलेलं, डॉक्टरसाहेब. तुमच्या इथल्या सुया तरी इतक्या धुतल्या जातात काय?"

डॉक्टरांनी इंजेक्शन भरता भरता मान वर केली. "आजी, रबर औषध पितं. वरून कितीही धुवा, आतलं निघत नाही. कोमट दुधात मात्र ते उतरतं. म्हणून तर एकदाच वापरायचे असतात."

बाई बोटांवर मोजू लागल्या. तीनदा! सोडा, राख, रिठा! धुण्याचं ते पाणी मोरीतून विहिरीच्या कडेनं वाहत होतं. आणि वासरू सकाळपासून उठलं नव्हतं. 'आळशी कुठलं' म्हणत त्यांनी त्याला काठीनं डिवचलं होतं.

"हे म्या केलं," भरल्या वॉर्डात त्या म्हणाल्या. "कोकिळेचा काईच दोष नाई." आणि एकदम ओरडल्या, "रूपा, पळ! पुनाजी आज वावरात फवारून राह्यला. त्याच्या हातात तेच हायेत!"

दुपारी चार वाजता नलूनं डोळे उघडले आणि आईकडे हात पसरून टाहो फोडला. डॉक्टर म्हणाले, "वाचली." बाई तिला घ्यायला वाकल्या, पण आपल्या उघड्या हातांकडे पाहून तशाच थांबल्या.

तेवढ्यात दारातून रूपराव आणि जीपवाला पुनाजीला धरून आणत होते. त्याच्या तोंडाला लाळ होती, गुडघे लटपटत होते. बाई दिसताच त्यानं सरळ उभं राहायचा प्रयत्न केला आणि कमरेला खोचलेला ओला गोळा बाहेर काढला.

"रूपाभाऊ म्हने फेक," तो अडखळत बोलला. "म्या फेकले नाई, बाई. एक बी फाटू देल्ला नाई. म्हटलं, तुमी धुवाले मांगसान."

हातमोजे घ्यायला बाईंनी हात पुढे केला, आणि तसाच मागे ओढला.