अर्लिसच्या नावाची पावती

"डेल्मर, एक चांगली बातमी आहे," फोनवर विम्याची जॅनेल म्हणाली. "अर्लिसची ती वायोमिंगमधली जोरात गाडी चालवल्याच्या दंडाची पावती होती ना, ती आता तुमच्या हप्त्यात धरणार नाहीत. पॉलिसीतून तिचं नाव काढलं, त्याबरोबर तीही गेली. तुमचं रेकॉर्ड तर काय, धुतल्या तांदळासारखं!"

"पावती वायोमिंगची," डेल्मर म्हणाला. "इथे नेब्रास्कात कशी आली?"

"राज्यं एकमेकांना कळवतात हो. तिकडे दंड भरला की गुन्हा कबूल. मग तो इकडे लायसन्सवर चढतो. सगळ्यांना वाटतं, तिकडचं तिकडे राहतं." ती हसली. "पण ताशी चौऱ्याण्णव मैल! आणि तेही अर्लिस! पास्टरनी सांगितलं तेव्हा मी रडता रडता हसले बघा."

अंत्यविधीला अख्खं चर्च हसलं होतं. अर्लिसनेच ही गोष्ट आधी गावभर सांगून ठेवली होती. डेल्मर पहिल्या बाकावर बसून होता. त्याला हसू आलं नाही, रडूही आलं नाही.

गाडी तो चालवत होता.

गेल्या जूनमध्ये दोघं नवरा-बायको अर्लिसच्या बहिणीकडे निघाले होते. वाटेतल्या खानावळीतले दालचिनीचे रोल दोन वाजता संपतात, म्हणून तो गाडी दामटत होता.

"रोल कुठे पळून चाललेत का?" अर्लिस दोनदा म्हणाली.

तेवढ्यात समोरून येणाऱ्या पोलिसाने दिवे लावले. त्याला पुढच्या फाट्यावरून वळून यायला दोनेक मिनिटं लागणार होती. डेल्मरने गाडी कडेला घेतली.

"उतर," अर्लिस म्हणाली. "पुढून फिरून माझ्या बाजूला ये. बघतोस काय? बस जाईल तुझी."

डेल्मर शाळेची बस चालवायचा. बसवाल्याच्या लायसन्सवर असली पावती आली, की शाळा दुसरा माणूस शोधणार. हे त्याला माहीत होतं, म्हणून तो उतरला. गाडी जुनी, पुढची सीट अखंड. अर्लिस तिच्यावरून सरकत स्टिअरिंगमागे गेली. सेहेचाळीस वर्षांत तिच्या लायसन्सवर ओरखडा नव्हता. पोलिसाने पावती फाडली. तिने सही केली आणि त्याला "थँक यू" म्हणाली.

फेब्रुवारीत ती गेली.

मार्चमध्ये शाळेला सुट्टी लागली, तसा डेल्मर एकशेऐंशी मैल गाडी हाकत वायोमिंगमधल्या, पावतीवर लिहिलेल्या कोर्टात गेला. खिडकीत पिकल्या केसांच्या कारकूनबाई होत्या. त्याने पावती पुढे सरकवली.

"गाडी मी चालवत होतो. तिचं नाव काढा, माझं घाला."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय करता तुम्ही?"

"शाळेची बस चालवतो. एकतीस वर्षं झाली."

"आणि या कुठे आहेत?"

"वारली."

बाईंनी पावतीवरचं नाव पुन्हा वाचलं. "मग यांचं लायसन्स बंद झालं. त्याच्यावर काय आहे ते आता कोणी बघायला जात नाही. दुरुस्त करून कोणाला दाखवणार?"

"गावात सगळे हसतात हो तिला."

"त्याला आमच्याकडे फॉर्म नाही." मग त्या खिडकीजवळ वाकल्या. "आणि आधी काय म्हणालात, ते मला ऐकू आलं नाही. या कानाने कमी येतं. घरी जा, मिस्टर. एवढं करून गेल्यात त्या, त्यावर पाणी नका फिरवू."

त्यांनी पावती परत दिली. डेल्मरने ती घडी घालून खिशात ठेवली.

परतताना पलीकडच्या बाजूला ती जागा दिसली. हिरवी पाटी, तारेचं कुंपण, त्यामागे नुसतं गवत. पुढच्या फाट्यावरून वळून तो तिथे आला. गाडी कडेला घेतली, उतरला, पुढून फिरला आणि दुसऱ्या बाजूला बसला. पट्टाही लावला. ट्रक जवळून जाताना गाडी हलत होती. स्टिअरिंगमागे कोणी नव्हतं.

खानावळ पुढच्याच गावात होती. दीड वाजला होता.

बऱ्याच वेळाने त्याने पट्टा काढला आणि सीटवरून सरकत पलीकडे जाऊ लागला. गुडघे अडले, कोट स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्याला अडकला. मध्ये एकदा थांबून त्याला दम घ्यावा लागला. तिला हे एवढ्या झटपट कसं जमलं होतं, कोण जाणे.