शंभर टक्के वाढ

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एका किराणा दुकानाचा वजनकाटा उघडून बसलो होतो. काटा रिकामा असताना चाळीस ग्रॅम दाखवत होता. दुकानदार म्हणत होता, "आपोआप झालं हो." अडतीस वर्षं काटे दुरुस्त करतोय, पण आपोआप कमी दाखवणारा काटा एकाही दुकानदाराकडे बघितलेला नाही.

तेवढ्यात फोन आला. शिडीचा होता.

"काका, काकूला दवाखान्यात आणलंय. तुम्ही या."

"काय झालं?"

"तुम्ही या ना."

त्या 'ना'वरूनच मला कळलं. काट्याचे चार स्क्रू झाकणात ठेवले आणि निघालो. उघडा काटा टाकून मी आयुष्यात कधी उठलो नव्हतो.

शिडी म्हणजे भाजीबाजारातला हमाल. सहा वर्षांपूर्वी बाहेरच्या देशातून आला. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, आमच्या तोंडात बसेना, म्हणून हिने शिडी ठेवलं. उंचीच तशी. दर मंगळवारी तो हिची पिशवी बसथांब्यापर्यंत नेऊन द्यायचा, आणि ही वाटभर त्याची बोली सुधारायची. "'मी आली' नाही रे मेल्या, 'मी आलो.' तू काय बाई आहेस?" तो मुद्दाम चुकायचा, असं हिचं म्हणणं होतं.

झालं होतं एवढंच. बटाटेवालीच्या ओट्यापाशी हिला चक्कर आली. रक्तदाब कमीच असायचा, गोळ्या घेते म्हणायची आणि घ्यायची नाही. पडताना डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. शिडी वीस पावलांवर हातगाडी घेऊन उभा होता. गाडीवरचे टोमॅटोचे क्रेट त्याने रस्त्यात ओतले, हिला गाडीवर निजवलं आणि दवाखान्यापर्यंत पळाला. नर्सला हिने स्वतः सांगितलं, "चक्कर आली." मी पोचायच्या आत ती गेली.

मग मला नोंदणीच्या खिडकीशी बसवलं. कारकूनबाई भल्या होत्या. मला पाणी दिलं, स्वतःच्या बाटलीतलं. मग कॉम्प्युटरकडे वळल्या.

"कारण, पडणे. बरोबर ना काका? आता पडण्याचं कारण विचारतोय. उंचीवरून, वाहनातून, कामावर, की दुसऱ्या व्यक्तीमुळे?"

"चक्कर आली."

"चक्कर इथे नाही. चक्कर आजाराच्या पानावर आहे, आणि त्या पानाला डॉक्टरांची सही लागते. डॉक्टर जेवायला गेलेत."

"मग?"

"मग यातलंच एक घेऊ. उंचीवरून नाही, वाहन नाही, कामही नाही." त्यांनी चौथं दाबलं. "आता त्या दुसऱ्या व्यक्तीचं नाव मागतोय."

"कोणी नव्हतंच हो."

"रिकामं ठेवलं तर पुढचं पान उघडत नाही. पान उघडलं नाही तर तुम्हाला त्यांना घरी नेता येणार नाही. आणलं कोणी?"

शिडी दाराला टेकून उभा होता. सदऱ्यावर हिचं रक्त. त्याने पुढे होऊन स्वतःचं नाव सांगितलं. लांब असल्यामुळे एकेक अक्षर सावकाश सांगितलं. जन्मदेश विचारला, तोही सांगितला. पान उघडलं. कागद बाहेर आला आणि मी सही केली. वाचलं नाही. शून्य तपासल्याशिवाय एका काट्यालाही कधी मोहोर लावली नाही, आणि बायकोच्या कागदावर डोळे मिटून सही केली.

अडीच आठवड्यांनी माझा मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. तो 'आपलं शहर मंच'चा कार्यकर्ता आहे. एरवी गोळी-बिस्किटांचं दुकान चालवतो. हातात पत्रकांचा गठ्ठा होता.

"भाऊजी, ताईचं जाणं आम्ही वाया जाऊ देणार नाही."

पत्रकावर दोन लाल खांब होते. पहिला बोटाच्या पेराएवढा, दुसरा कागदाच्या वरच्या कडेला टेकलेला. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'आपल्या आयाबहिणींवर बाहेरच्यांचे जीवघेणे हल्ले! एका वर्षात शंभर टक्के वाढ!'

"किती झाले रे हल्ले?"

"शंभर टक्क्यांनी वाढले."

"ते वाचलं. झाले किती?"

"टक्के सांगतोय ना, भाऊजी."

"मी काटेवाला आहे. टक्के नंतर सांग. पारड्यात काय होतं ते आधी सांग."

त्याने पत्रक उलटंसुलटं केलं. "मागच्या वर्षी... एक."

"आणि यंदा?"

"दोन."

"एक म्हणजे पेराएवढा, मग दोन म्हणजे वीतभर कसा?"

"कागदावर जागा होती."

"बरं. यंदाच्या दोनात एक कोण?"

"स्टेशनजवळ भांडण झालं होतं, त्यातली बाई. ती वाचली म्हणा."

"आणि दुसरी?"

तो भिंतीवरच्या फोटोकडे बघायला लागला. फोटोत ही हसत होती. याच भावाच्या लग्नातला फोटो आहे.

"अरे, तुझ्या ताईला चक्कर आली होती! तुला फोनवर मीच सांगितलं ना?"

"ते खरं हो, भाऊजी. पण कागदावर तसं नाही. दवाखान्याची नोंद आहे, सरकारी. खाली तुमची सही आहे." मग आवाज उतरवून म्हणाला, "आम्ही आमच्या मनचं एक अक्षर घातलेलं नाही."

त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. अक्षर खरंच त्याचं नव्हतं.

"शहरात पडून किती बाया गेल्या, तो आकडा आहे का तुमच्याकडे?"

"तो आमच्या विषयात येत नाही."

"आपल्याच नवऱ्यांनी ढकलून किती गेल्या?"

"भाऊजी, तुम्ही दुःखात आहात," असं म्हणून तो उठला. जाताना पत्रकं मात्र ठेवून गेला. वीस.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो. शिडी नव्हता. बटाटेवालीने सांगितलं की दोघांनी त्याची गाडी उलटवली, बाजार समितीने त्याला 'वातावरण निवळेपर्यंत' घरी बसवलं, आणि त्याच्या राहण्याच्या परवान्याची सुनावणी पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला लागली आहे. परवाना गेला की आठवड्यात देश सोडायचा.

"त्याच्या फायलीला काय लावलंय माहितीये?" ती म्हणाली. "ते लाल खांबांचं पत्रक. आणि मी इथे उभी होते, माझ्या पायाशी पडल्या त्या, मला कोणी कुत्र्यानं विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे तर चोरी पण नाही."

मला वाटलं, समोरच्या बाजूकडे जावं. शहरात 'सलोखा समिती' आहे. तिथल्या मॅडमनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि एक जाडजूड अहवाल दिला.

"काका, मंचाचा खोटेपणा आम्ही उघडा पाडलाय. पान नऊ. शहरात बाहेरून आलेले सात हजार लोक आहेत. त्यातल्या नव्व्याण्णव पूर्णांक सत्त्याण्णव टक्के लोकांनी कोणालाही बोटसुद्धा लावलेलं नाही."

मी कागदावर गुणाकार केला. "म्हणजे दोघांनी लावलं."

"फक्त दोघांनी!"

"त्या दोघांत शिडी आहे."

मॅडमनी यादी बघितली. "हो. पण काका, अपवादाने निष्कर्ष बदलत नाही."

"अहो, पण त्याने काही केलंच नाही. त्याला त्या दोघांतून काढा."

"आम्ही काढलं तर मंच म्हणेल, समिती आकडे लपवते. आमची विश्वासार्हता जाईल. उलट तो आत राहिला तर आपण प्रामाणिक ठरतो." मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुमच्या पत्नीबद्दल खरंच वाईट वाटलं."

चहा चांगला होता. म्हणजे मंचाने शिडीला गुन्हेगार करून मोठा केला होता आणि समितीने त्याला गुन्हेगार ठेवून लहान केला होता. तो निर्दोष आहे, याचा दोघांनाही काही उपयोग नव्हता.

मग पुन्हा कारकूनबाई. त्यांनी मला ओळखलं. "दुरुस्ती होते की काका! ज्याची सही त्याने अर्ज करायचा, तीस दिवसांच्या आत." आज चोविसावा होता. डॉक्टर जेवायला गेले होते. पंचविसाव्या दिवशी डॉक्टर सभेला गेले होते. सव्विसाव्या दिवशी मी त्यांच्या खोलीबाहेर डबा घेऊनच बसलो. "जेवणच करायचं असेल तर माझ्याबरोबर करा," म्हणालो. ते हसले आणि सही दिली. नर्सची टीप फायलीतच होती: 'रुग्ण म्हणते, चक्कर.'

"झालं तर," कारकूनबाई म्हणाल्या. "तिमाही बंद झाली की दिसेल."

"कधी?"

"दीड महिन्याने."

"सुनावणी बाराला आहे."

"मग बाराला जुनीच दिसणार. यंत्र आहे काका, मी काय करू?"

बारा तारखेला मी किराणा दुकानदाराचा तो काटा पिशवीत घातला. तेव्हापासून तो माझ्याकडेच पडून होता. सुनावणीची खोली छोटी होती. टेबलामागे अधिकारी, समोर शिडी, इस्त्रीचा सदरा घालून. मागच्या बाकावर मेहुणा आणि त्याचा एक दोस्त. अधिकाऱ्यापुढे पत्रकही होतं आणि समितीचा अहवालही.

अधिकारी म्हणाला, "दोन्ही बाजूंच्या कागदांत एका बाबतीत एकमत आहे. घटना घडली."

मी उठलो. "साहेब, एक मिनिट." काटा टेबलावर ठेवला. "यावर काय आहे?"

"काही नाही."

"आकडा बघा."

"चाळीस ग्रॅम."

"आता यावर सोनं ठेवा नाहीतर शेण ठेवा, उत्तर खोटंच येणार. ह्या दोन कागदांचं तेच झालंय. बेरीज-वजाबाकी दोघांची बरोबर आहे. खालचं शून्यच खोटं आहे. आणि ते मी लावलंय. सही माझी आहे."

मागून मेहुण्याचा दोस्त म्हणाला, "म्हाताऱ्याला कोणीतरी पढवलंय."

मेहुणा त्याला म्हणाला, "गप रे. ते माझे भाऊजी आहेत." एवढं मात्र तो बोलला.

अधिकाऱ्याने काटा बाजूला सरकवला. "काटा घरी न्या. नाटकावर मला निकाल देता येत नाही. कागदावर देता येतो." मग मी डॉक्टरांची सही, नर्सची टीप, अर्जाची पोच आणि बटाटेवालीचा अंगठा लावलेला जबाब पुढे ठेवला. त्याने सगळं वाचलं. आमच्या पूर्ण प्रकरणात कागद शेवटपर्यंत वाचणारा तो पहिला माणूस. शिडीला तीन महिने मुदत मिळाली, दुरुस्ती नोंदीत दिसेपर्यंत.

बाहेर मेहुणा पायऱ्यांवर थांबला होता. "भाऊजी, तुम्ही ताईला आकड्यातून काढलंत."

"काढलं. तिला जिवंतपणीसुद्धा वजनाला उभं राहायला आवडायचं नाही."

त्याला हसू आलं, मग रडू आलं. पायरीवर बसून बहिणीसाठी रडला, मला वाटतं पहिल्यांदाच. मी शेजारी बसलो.

दुरुस्ती दिसली. शिडीचा परवाना राहिला. त्याच आठवड्यात समितीचं पत्रक निघालं: 'आमच्या प्रयत्नांना यश! हल्ल्यांत पन्नास टक्के घट.' मंचाचंही निघालं: 'प्रशासनाने दडपलेली प्रकरणं', मागच्या वर्षी शून्य, यंदा एक. शून्यावर टक्के निघेनात, म्हणून 'असंख्य पटींनी वाढ' असं छापलं. हे पत्रक मेहुण्याने वाटलं की नाही, मी विचारलं नाही. माझ्या घरी तरी आणलं नाही.

किराणावाल्याचा काटा मी नीट करून दिला. त्याच्या तोंडावर काही आनंद दिसला नाही.

शिडी बाजारात परत आलाय. परवा मासळीच्या गल्लीत एक म्हातारबाबा घसरून पडले. बटाटेवालीने सांगितलं, शिडी सगळ्यांत जवळ होता, पण तो दोन्ही हात वर करून उभा राहिला आणि ओरडला, "कोणीतरी उचला! कोणीतरी उचला!" दुसरं कोणी येईपर्यंत म्हातारबाबा ओल्या फरशीवर पडून होते. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, मी उचललं की माझं नाव लिहितात." या वेळी बोलण्यात चूक नव्हती.

जुन्या पत्रकाच्या मागच्या बाजूला मंचाची यादी आहे. यंदाच्या दोनांच्या वर मागच्या वर्षीचा तो एक आहे. माणसाचं नाव, जन्मदेश, आणि मेलेल्या बाईचा पत्ता. पत्ता आमच्यापासून तीन गल्ल्यांवरचा आहे. तिथे ती बाई कशी गेली आणि त्या माणसाचं पुढे काय झालं, हे विचारायला मी अजून गेलेलो नाही.