एक्के वेगळे मोजायचे

वर्षभर ललिताच्या डोक्याला ताप झाला होता तो पत्त्यांचा. खरं म्हणजे नवऱ्याचा. पत्ते बिचारे काय करणार! देवराम नाशिक रोडच्या प्रेसमध्ये सव्वीस वर्षं छापील कागद तपासत आणि मोजत आलेला माणूस. २००५च्या जानेवारीत त्याला रद्दीवाल्याकडे ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगारावरचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं आणि घरातले बाकीचे विषय संपले.

खेळ तसा सोपा. आपल्या पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, ओलांडायची नाही, आणि वाटणाऱ्याला हरवायचं. होऊन गेलेले पत्ते ध्यानात ठेवले की उरलेल्यांत मोठे जास्त आहेत का ते कळतं, आणि तसे असले की पैसे वाढवून लावायचे. ध्यानात ठेवायच्या दोन रीती पुस्तकात होत्या. साध्या रीतीत दुर्री ते छक्की दिसली की एक मिळवायचा, दश्शी, चित्रं नाहीतर एक्का दिसला की एक वजा करायचा, आणि सत्ती-अठ्ठी-नव्वीकडे ढुंकूनही बघायचं नाही. अवघड रीतीत तिर्रीला दोन, पंजीला तीन, नव्वीला उणे एक, चित्रांना उणे तीन, एक्के वेगळे मोजायचे, आणि वर भागाकार. एवढं करून फायदा किती जास्त? पुस्तकवालाच म्हणत होता, किंचित.

"किंचित का होईना, जास्त आहे ना?" देवराम म्हणे. दुकानात सर्वांत महागाचं कुलूप मागणारा आणि मग किल्ली हरवणारा माणूस तो. त्याला साधं कसं पटणार?

रोज प्रेसमधून आला की तो ललिताला समोर बसवी. तिने एकेक पत्ता टाकायचा, त्याने मनात मोजायचं. अर्ध्यावर त्याचा आकडा हरवला की हात वर. "थांब! ताळा लागत नाही. पहिल्यापासून." ही प्रेसमधली सवय. तिथे मोजणी चुकली की हात वर करायचा, काम थांबतं, आणि ताळा लागेपर्यंत कोणी पुढे सरकत नाही. इकडे कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत आणि मळलेली कणीक वाळून जाई.

पत्ते टाकता टाकता साधी रीत ललिताच्या डोक्यात आपोआप बसली. मार्चमध्ये तिने एकदा शेवटचा पत्ता पालथाच ठेवला आणि म्हणाली, "हा मोठा असणार." उलटला तर चौकटची राणी.

"ते बालवाडीचं गणित झालं," देवराम म्हणाला आणि पिसायला लागला. पण तेव्हापासून ललिताच्या मनाने घेतलं. साड्यांना फॉल-पिको करून तिने तीन हजार रुपये साठवले होते. देवराम जिथे खेळायला जायचं म्हणत होता, गोव्याच्या नदीतल्या त्या जुगाराच्या बोटीवर बसून, आपल्या पैशाने, आपल्या हिशोबाने एकदा खेळायचं. आयुष्यात तिला कोणी कसला डाव मांडू दिला नव्हता.

अडचण एवढीच, की प्रवासाची सरकारी सवलत डिसेंबरअखेर बुडणार होती आणि फेब्रुवारीत देवराम रिटायर होणार होता. आत्ता नाही तर कधीच नाही. आणि देवरामचं काही ठरत नव्हतं! जुलैत साधी ठरली. गणपतीत पुन्हा अवघड. दसऱ्याला म्हणे, दोन्ही मिळून तिसरी काढू. दिवाळीनंतर ललिताचा बांध फुटला.

"साधी घ्या नाय तर अवघड घ्या, पण तिकिटं काढा! लय झालं आता!"

"बरं बाई, साधी. देवाशपथ, साधीच," देवराम म्हणाला. "आधी मी बसतो, अंदाज घेतो, मग तू बस."

डिसेंबरच्या एका संध्याकाळी ती दोघं बोटीवर होती. देवराम टेबलाशी, ललिता त्याच्या खुर्चीमागे, पर्स पोटाशी धरून. सहा कॅट एकत्र पिसलेले. छोटे पत्ते नुसते धो धो निघत होते आणि तिच्या मनातला आकडा चढत चालला होता. सहा. आठ. मग एक नव्वी पडली आणि देवरामचे ओठ हलले.

नव्वीला ओठ कशाला हलायला हवेत? साध्या रीतीत नव्वी मोजतच नाहीत. देवाशपथ म्हणे! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आकडा अकरावर गेला. आता मोठे पत्ते येणार, आता पैसे वाढवायचे. तिने त्याच्या खांद्याला हात लावला. त्याच क्षणी देवरामचा हात वर गेला.

"थांबा!" तो भर टेबलावर मराठीत ओरडला. "ताळा लागत नाही! झालेले पत्ते परत दाखवा. पहिल्यापासून!"

पत्ते वाटणारी मुलगी थिजली. सुटातला मॅनेजर आला आणि हिंदीत फार गोड बोलला. साहेबांनी आता वर डेकवर बसावं, सरबत घ्यावं, या टेबलावर पुन्हा येऊ नये. मॅडमनी खुशाल खेळावं. ते ऐकूनही ललिता नवऱ्यामागोमाग वर गेली. सव्वीस वर्षांच्या संसारात पाय आपोआपच तिकडे वळत.

"कितीवर होता गं आकडा?" सरबत ढवळत देवरामने विचारलं.

"अकरा."

त्याने चमचा खाली ठेवला. "मग सांगितलं का नाहीस?"

आता मात्र ललिताला रडू यायचं बाकी राहिलं. तो हरला याचा तिला राग नव्हता. खोटं बोलला, तेही एक वेळ पोटात घातलं असतं. पण वर्षभर त्याने तिला समोर बसवून ठेवलं, आणि ती काय करतेय हे एकदाही विचारलं नाही. ती उठली.

"कुठं निघालीस? मी इथं एकटा काय करू?"

"नदी बघा," ती म्हणाली आणि जिना उतरली.

खाली त्याच टेबलावर पत्ते नव्याने पिसून झाले होते. म्हणजे तिचे अकरा वाया गेले, पुन्हा शून्यापासून. तिने रिकामी खुर्ची ओढली, पदर खोचला आणि पाचशेची नोट पुढे सरकवली. पहिला डाव ती हरली. मुलीने पत्ते गोळा करत विचारलं, "और खेलेंगी, मॅडम?"

"हो तर," ललिता म्हणाली. "बाई, वाटा तुम्ही. मी नाही थांबवणार."